ऐकणाऱ्याचें देणें

गेल्या महिन्यांत एका घरगुती कार्याच्या निमित्तानें आम्हांस कडेगांवास जाण्याचा योग आला. मोहरमचे गगनाला भिडणारे ताबूत आणि हिंदु-मुसलमानांनीं मिळून तो उत्सव साजरा करण्याची रीत यांसाठीं सांगली जिल्ह्यांतील हें गांव महाराष्ट्रभर नांवाजलेलें आहे. परंतु आज आम्हांस लिहावयाचें आहे तें ताबुतांविषयीं नव्हे. कार्य आटोपून पाहुणेमंडळी पांगल्यावर यजमानांच्या जुन्या वाड्यांत दुपारीं जो एक प्रसंग घडला, त्यानें आम्हांस एका जुन्याच प्रश्नाचा नव्यानें विचार करावयास लाविलें. एखाद्या कलावंतावर आपण जीव लावतों, त्याचें गाणें ऐकून सुखावतों, दुःखांत त्याचा आधार घेतों. तें जें त्याच्याकडून मिळतें, त्याचें आपण पुढें काय करतों, हा तो प्रश्न.

झालें तें असें. यजमानांचे चिरंजीव पुण्यास अभियंता आहेत. त्यांनीं माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खालीं आणविली. तींत जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या पंचवीस-तीस ध्वनिमुद्रिका आणि चावीचा एक ग्रामोफोन निघाला. बहुतेक मुद्रिका बालगंधर्वांच्या. घरांत एकच गडबड उडाली. चिरंजीव म्हणाले, हें सारें स्वच्छ करून पुण्याच्या घरीं दिवाणखान्यांत कांचेच्या कपाटांत मांडावें. त्यांच्या चुलत काकांचें म्हणणें पडलें कीं, वस्तु वाड्याची आहे, ती वाड्यांतच राहिली पाहिजे. एका जांवईबापूंनीं तर बाजारांत तिची किंमत काय येईल याचाहि अंदाज बांधला. या साऱ्या वादांत घरांतील सर्वांत वडील माणूस, नव्वदी ओलांडलेल्या आजीबाई, खांबाला टेकून वाल सोलीत बसल्या होत्या. वाद रंगांत आला असतां त्यांनीं मान वर करून एवढेंच विचारलें, "अरे, त्या ट्रंकेच्या तळाशीं माझी एक वही असायची. ती आहे का?"

वही ट्रंकेंत नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर अशी कांहीं वही आहे हेंच तेथील पुरुषमंडळींपैकीं कोणास ठाऊक नव्हतें.

वहीची हकीकत सांगण्यापूर्वीं घरांतील तरुण वाचकांसाठीं बालगंधर्वांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. वडीलधाऱ्यांस त्यांची गरज नाहीं. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजीं झाला. कडेगांवाहून सागरेश्वराच्या डोंगरापलीकडे उतरलें कीं कृष्णाकाठचा मुलूख लागतो. तेथील नागठाणें हें राजहंसांचें गांव. म्हणून या भागांतील लोक बालगंधर्वांना अद्यापि आपल्या घरचे मानतात. बालवयांतील त्यांचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्यांस 'बालगंधर्व' म्हटलें आणि तेंच नांव जन्मभर चिकटलें. १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत शिरले व मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेंत प्रेक्षकांपुढें उभे राहिले. १९१३ सालीं गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. खाडिलकरांच्या 'मानापमानां'तील भामिनी व 'स्वयंवरां'तील रुक्मिणी आणि गडकऱ्यांच्या 'एकच प्याल्यां'तील सिंधु या त्यांच्या भूमिकांनीं मराठी मुलखाला अक्षरशः वेड लाविलें.

हें वेड कसलें होतें? घरंदाज स्त्रीनें रंगभूमीवर पाऊल टाकणें समाजास मान्य नव्हतें, असा तो काळ. स्त्रीचें काम पुरुष करी. आणि लुगडें कसें चोपून नेसावें, शेला खांद्यावरून कसा घ्यावा, अंबाड्यावर गजरा कसा माळावा हें आमच्या पणज्या त्या पुरुषाकडे पाहून शिकत! आज या गोष्टीचें हंसूं येतें. पण थोडें थांबून विचार केला तर हंसूं ओसरतें. ज्या घरांत सुनेनें आरशापुढें घटकाभर उभें राहणें हाहि थिल्लरपणा ठरे, तेथें भामिनीच्या व रुक्मिणीच्या ऐटींत स्त्रियांस स्वतःविषयींचा एक आदर प्रथमच डोळ्यांसमोर दिसला. नीटनेटकें असणें हा नखरा नव्हे, तें स्वतःचा मान राखणें आहे, हें त्यांना कोणा उपदेशकानें सांगितलें नाहीं. एका नटाच्या चालण्याबोलण्यांतून तें त्यांना उमगलें. अनुकरण ही शिकण्याची पहिली पायरी आहे. तिची थट्टा करूं नये. मात्र तिच्यावरच बसून राहूं नये, हेंहि खरें.

आतां आजीबाईंची हकीकत. त्या या घरांत सून म्हणून आल्या १९५० सालीं. तेव्हां हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यांत मोडे. सांगली हें जिल्ह्याचें नांव १९६० सालीं पडलें. टेंभू योजनेचें पाणी येण्यास अजून कित्येक वर्षांचा अवकाश होता. आडाचें पाणी ओढण्यांत बायकांची निम्मी सकाळ जाई. सासरे विट्याच्या कोर्टांत वकिली करीत आणि बालगंधर्वांचे निस्सीम भक्त होते. तरुणपणीं ते बैलगाडी जुंपून किर्लोस्करवाडीचें स्थानक गांठीत, तेथून आगगाडीनें मिरजेस किंवा सांगलीस जात, रात्रभर नाटक पाहून सकाळच्या गाडीनें परत येत, आणि आंघोळ करून तसेच कोर्टांत उभे राहात, असें घरांत सांगतात. नाटकाचे दिवस सरले तेव्हां त्यांनीं ग्रामोफोन घेतला. रात्रीं जेवणें झालीं कीं ओसरीवर पुरुषमंडळींची बैठक भरे, आणि माजघराच्या दाराआड बायका दुसऱ्या दिवशींचे तांदूळ निवडीत तें गाणें ऐकत. "दाराआडून ऐकलेलें गाणें पुरतें ऐकूं येत नाहीं," आजीबाई आम्हांस म्हणाल्या, "म्हणून उरलेलें मनांतल्या मनांत आपणच म्हणावें लागायचें. माझी शिकवणी तीच."

१९५५ सालीं त्यांचे यजमान विषमज्वरानें गेले. आजीबाईंचें वय एकवीस. पदरीं दोन वर्षांचा मुलगा. त्यानंतर आठ महिने ग्रामोफोनला कोणीं हात लाविला नाहीं. मग एके रात्रीं सासऱ्यांनीं स्वतः चावी दिली, आणि माजघराच्या दाराकडे पाहून म्हणाले, "मुली, दाराआड कां बसतेस? इकडे ओसरीवर येऊन बस." घरांत सासऱ्यांच्या मातोश्री होत्या. विधवा नातसुनेनें पुरुषांच्या बैठकींत बसून गाणें ऐकावें, ही गोष्ट त्यांच्या पचनीं पडणारी नव्हती. त्या कांहीं बोलल्या नाहींत. उठून देवघरांत गेल्या. सासऱ्यांनीं तरीहि मुद्रिका लाविली. ती कोणती? सिंधूच्या दुःखाची नव्हे. 'स्वयंवरां'तील रुक्मिणीच्या आनंदाची.

"मला राग आला," आजीबाई म्हणाल्या. "घरांत हें असें, आणि यांना लग्नाचीं गाणीं सुचतात! मी खालीं मान घालून बसलें. त्यांनीं तीच पुन्हां लाविली. दुसऱ्यांदा मला ऐकूं आलें. एखादें अक्षर बालगंधर्व घाईनें टाकून देत नाहींत, आणि उगीच ओढीतहि नाहींत. त्याला जेवढा वेळ पाहिजे तेवढा देतात आणि मग पुढें जातात. मला वाटलें, आपल्यालाहि असें करतां येईल. टाकायचें नाहीं, ओढायचें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं आठ महिन्यांनीं मन लावून स्वयंपाक केला."

पुढें एकदां सासऱ्यांनीं त्यांना १२ मार्च १९११ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशीं मुंबईस 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग मोडला नाहीं. बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट आम्हीं अनेकदां वाचली आहे, व कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून ती मुलांस सांगितलेलीहि ऐकली आहे. खरें सांगावयाचें तर ती ऐकून आम्हांस प्रत्येक वेळीं थोडें अस्वस्थच वाटलें. बापाच्या दुःखाला एका रात्रीची सवड मिळूं नये, यांत कौतुक कसलें? परंतु त्या वकीलसाहेबांनीं सुनेस ती धडा म्हणून सांगितली नाहीं. "ज्याच्या गळ्यांतून हें गाणें येतें, त्यालाहि घरचें दुःख ठाऊक होतें," एवढेंच ते म्हणाले. रडूं नकोस असें त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्हांस वाटतें, कलावंताकडून मिळणारें सांत्वन तें हेंच. तें दुःख नाहींसें करीत नाहीं. दुःखासकट हातपाय हलवितां येतात, एवढी खात्री देतें.

या खात्रीमागें कारागिरी होती, हें मात्र विसरतां कामा नये. 'स्वयंवरा'च्या पदांस चाली दिल्या त्या भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयानें. यमन, भीमपलास यांसारखे राग ज्यांनीं कधीं उस्तादापुढें बसून ऐकले नाहींत, त्यांच्या घरांत ते नाट्यपदांच्या वाटेनें शिरले, आणि चुलीपुढें भाकरी थापणाऱ्या बाईच्या ओठांवर बसले. बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष व तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे गुणी कलावंत असत. ताबुतांच्या गांवांत त्या मुद्रिका वाजाव्यात यांत आम्हांस कांहीं नवल वाटलें नाहीं. नाटकांत 'वन्समोअर' घेत घेत जें पद घटकाभर चाले, तें मुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांत आटोपावें लागे. पण त्या तीन मिनिटांतहि शब्द पुसट होत नाहीं, कीं सूर त्याच्यावर कुरघोडी करीत नाहीं. ऐकणाऱ्या बाईला अर्थ हातीं लागतो, आणि तो लागला म्हणूनच सूरहि लागतो.

आणि आतां ती वही. आजीबाईंनीं कधीं पेटी शिकली नाहीं, कीं देवळाखेरीज कोठें तोंड उघडून गाइलें नाहीं. पण या आमच्या मुलखांत आश्विनांत घरोघर हादगा मांडतात. मुली फेर धरून गाणीं म्हणतात. शेजारच्या मुलींनीं हट्ट धरला म्हणून आजीबाईंनीं एकदां नव्या चालीवर हादग्याचें एक गाणें रचून दिलें. चाल अर्थात् बालगंधर्वांच्या एका पदावरून सुचलेली, पण मुलींच्या फेराला बसेल अशी सोपी करून घेतलेली. मग दरवर्षीं एक-दोन. पुढें पाळणे आले, डोहाळजेवणाचीं गाणीं आलीं, मंगळागौरीचीं आलीं. आडाचें पाणी आटलें त्या सालावर एक गाणें आहे. गांवांत प्रथम एस. टी. आली तिच्यावर एक आहे. नात पुण्यास शिकावयास निघाली तेव्हांचें एक आहे. सारीं एका शाळेच्या जुन्या वहींत, शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं.

यांत एक गोष्ट आमच्या मनाला फार लागली, व ती वाचकांपासून लपविणें आम्हांस बरें वाटत नाहीं. डोहाळजेवणाला, मंगळागौरीला, हळदीकुंकवाला आजीबाईंना त्या काळीं कोणीं बोलावीत नसे; विधवेला तेथें जागा नव्हती. त्यांचीं गाणीं मात्र तेथें पोहोंचत. पलीकडच्या आळींत सुवासिनी त्यांचें गाणें म्हणत आहेत, आणि रचणारी आपल्या माजघरांत अंधारांत बसून ऐकत आहे, असें कित्येक वर्षें चाललें. "वाईट नाहीं का वाटलें?" असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "वाटायचें. पण मला दाराआडून ऐकायची संवय होती." हें त्यांनीं हंसत सांगितलें; आम्हांस कांहीं हंसतां आलें नाहीं. ज्या चालीरीतींनीं अशा बाईला तिच्याच गाण्यापासून दूर बसविलें, त्या चालीरीती आमच्यासारख्याच सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांनीं पाळल्या, हें निदान आपण आपसांत तरी कबूल केलें पाहिजे.

लहान खेड्यांतील एका बाईनें जें केलें, तेंच मोठ्या प्रमाणावर मोठ्यांनींहि केलें आहे. कुमार गंधर्व लहानपणीं नामवंत गवयांच्या मुद्रिका ऐकून त्यांची हुबेहूब नक्कल करीत; लोक थक्क होत. पुढें क्षयानें त्यांस कित्येक वर्षें गाणें बंद ठेवावें लागलें. देवासच्या त्या सक्तीच्या विश्रांतींतून ते उठले ते स्वतःचें गाणें घेऊन. आणि मग 'मला उमजलेले बालगंधर्व' या नांवानें त्यांनीं बालगंधर्वांचीं पदें लोकांपुढें मांडलीं. त्या नांवांतच सारें आहे. 'बालगंधर्व जसे होते तसे' असें त्यांनीं म्हटलें नाहीं. 'मला उमजलेले' म्हटलें. जयमाला शिलेदारांनीं त्या गायकीचा अभ्यास करून ती संगीत रंगभूमीवर पिढ्यानुपिढ्या जागती ठेविली. आणि जी ऐट पूर्वीं स्त्रीला पुरुषाकडून शिकावी लागे, ती स्वतः स्त्रीनें रंगमंचावर उभें राहून दाखविली. भक्तीची खरी परीक्षा येथें होते. ज्याच्यावर प्रेम केलें त्याची प्रतिकृति होणें सोपें; त्याच्या प्रकाशांत आपलें काम ओळखणें कठीण.

याची दुसरी बाजूहि आहे, आणि तीहि बालगंधर्वांच्याच चरित्रांत दिसते. प्रेक्षकांना ते मायबाप मानीत, त्यांना उत्तमांतलें उत्तम द्यावें म्हणून भारी शालू, खरे गालिचे, अत्तरें यांवर हात सैल सोडीत. त्यापायीं मंडळी कर्जांत बुडाली. प्रेक्षकांनीं टाळ्या भरभरून दिल्या. पण मायबाप म्हणवून घेणाऱ्यांनीं लेकराचें पुढें काय झालें, हें नेहमींच पाहिलें असें नाहीं. वय झाल्यावर ते विशींतलेच दिसावेत, असा कित्येकांचा हट्ट. ते तसे दिसेनात तेव्हां मंडळी हळुहळू उठून गेली. गोहरबाई कर्नाटकी कंपनींत आल्यावर तर त्यांच्या खासगी आयुष्याचा निवाडा करावयास घरोघर न्यायाधीश बसले. उतारवयांत आजार आणि चणचण दोन्ही वांट्याला आलीं. १९६४ सालीं सरकारनें पद्मभूषण दिलें. १५ जुलै १९६७ रोजीं ते गेले. आणि दुसऱ्याच वर्षीं पुण्यांत त्यांच्या नांवाचें भव्य रंगमंदिर उघडलें. कलावंतावर प्रेम करणें आणि त्याच्यावर मालकी सांगणें यांत अंतर आहे. प्रेम करणारा त्याच्याकडून मिळालेलें घेऊन स्वतः कांहीं करूं लागतो. मालकी सांगणारा अधिक मागत राहतो, आणि न मिळालें कीं रागावतो. आज ज्यांचे आवडते कलावंत निराळे आहेत, ज्यांचीं चित्रें मुलामुलींच्या खोल्यांत लागतात, त्यांच्याविषयींहि आम्हांस हेंच म्हणावयाचें आहे. मुलांनीं कोणावर जीव लावावा हें वडिलांनीं ठरवूं नये. पण त्या प्रेमानें मूल स्वतः कांहीं करूं लागलें आहे कीं नुसतें मागूं लागलें आहे, एवढें मायेनें पाहावें.

आतां राहिली ट्रंक. आजीबाईंचे नातू त्यांना म्हणाले, "आजी, या मुद्रिका तूं जपल्यास, म्हणून त्या मला पुण्यास न्यायच्या आहेत." त्यावर त्यांनीं जें उत्तर दिलें, त्याची आम्हीं अपेक्षा केली नव्हती. त्या म्हणाल्या, "ने बाबा, खुशाल ने. मला तुझ्या फोनवर जास्त स्वच्छ ऐकूं येतें, आणि चावी द्यायला कोणाला उठवावें लागत नाहीं." जुन्या खरखरीविषयीं हळवें होण्याची तयारी आमचीच अधिक होती! वही मात्र त्यांना पाहिजे होती.

शेवटीं ती मिळाली. यजमानांच्या पत्नी हा सारा वाद स्वयंपाकघरांतून ऐकत होत्या. त्या फडताळांतून वही घेऊन बाहेर आल्या. कडा झिजलेल्या, वर तेलाचे डाग, शेवटचीं पानें दोऱ्यानें शिवलेलीं. "दर हादग्याला लागते," त्या म्हणाल्या, "म्हणून ट्रंक माळ्यावर गेली तेव्हां मींच काढून ठेविली." आम्हीं ती चाळून पाहिली. मागच्या दहा-बारा पानांवर अक्षर निराळें होतें. सूनबाईंनींहि चार गाणीं रचलीं होतीं. आणि आजीबाईंनीं त्यांतल्या एकाच्या समासांत 'येथें घाई झाली' असा शेरा मारलेला होता.

आमच्या वाचकांपाशीं एकच मागणें आहे. आपल्या घरांतहि कोणी आजी, काकू, आत्या असेल, जिनें कोणा गवयाला, नटाला किंवा कीर्तनकाराला मनांत धरून आयुष्य काढलें. तिनें जपलेल्या वस्तूंची चौकशी पुष्कळजण करतात. त्या ऐकण्यांतून तिनें काय केलें, कोणती ओवी रचली, कोणती रांगोळी काढली, कोणता कठीण दिवस निभावून नेला, हें एकदां शेजारीं बसून विचारावें. आणि ती सांगेल तें तिच्याच शब्दांत लिहून ठेवावें.

ट्रंक पुण्यास जावयाची कीं वाड्यांतच राहावयाची, हें आम्ही निघेपर्यंत ठरलें नव्हतें. वही मात्र पुन्हां फडताळांत जाऊन बसली होती. आश्विन अगदीं जवळ आला होता.